त्या रात्रीचे केस पेपर: ग्राहक आयोगातल्या आमच्या तक्रारीची हकीकत

माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या हातावरच्या उपचारांबद्दल आम्ही डॉक्टर आणि हॉस्पिटलविरुद्ध केलेल्या तक्रारीचा निकाल जुलै २०२५ मध्ये लागला आणि ऑक्टोबरात पैसे त्याच्या खात्यावर जमा झाले. तेव्हापासून हुपरीतून, इचलकरंजीतून, एकदा तर गडहिंग्लजहून ओळखीच्या-अनोळखी माणसांचे फोन येतात. सगळे साधारण एकच विचारतात, "डॉक्टरांवर केस करायची आहे, सुरुवात कुठून करू?" फोनवर प्रत्येकाला सगळं सांगता येत नाही, म्हणून इथं क्रमानं लिहिते. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हॉस्पिटलचं आणि डॉक्टरांचं नाव लिहिणार नाही. निकाल त्यांच्या एका रात्रीबद्दल आहे, त्यांच्या सगळ्या आयुष्याच्या कामाबद्दल नाही.

२३ नोव्हेंबर २०२१. ऊसतोडीचा हंगाम सुरू होता, रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकांनी शेतातला चिखल आणून टाकलेला. संध्याकाळी हुपरीहून कोल्हापूरला येताना भावाची मोटरसायकल त्यावर घसरली. आम्ही त्याला कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं. एक्स-रेत कोपर आणि मनगटाच्या मधली दोन्ही हाडं मोडलेली दिसली. डॉक्टरांनी हाड ओढून जागेवर बसवलं, दंडापासून तळव्यापर्यंत गोल पक्कं प्लास्टर घातलं, "सूज उतरू दे, परवा प्लेट टाकू," म्हणाले आणि नऊच्या सुमारास घरी गेले.

साडेदहानंतर दुखणं वाढत गेलं. भाऊ चांदीच्या पैंजणांचं काम करतो. बोटाला चटका बसणं, हातोडी लागणं त्याला नवीन नाही. सोसणारा माणूस आहे. तो उशीत तोंड खुपसून ओरडायला लागला. "आक्का, बोटं आतनं फुटत्यात बघ," म्हणत होता. बोटं सुजून चकाकत होती, आत वळली होती. मी एक बोट सरळ करायला गेले तर त्यानं माझा हात झटकला. मी आणि भावजय आळीपाळीनं सिस्टरना बोलवत राहिलो. इंजेक्शन मिळालं. पुन्हा बोलावलं, पुन्हा इंजेक्शन. पहाटे बोटं बधिर झाली आणि त्याचं ओरडणं कमी झालं. सिस्टर म्हणाल्या, "बघा, आता शांत झालाय." आम्हालाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

सकाळी डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते. साडेदहाला राउंडला आले, हात उंच ठेवायला सांगून गेले. आमचा मावसभाऊ राजारामपुरीत औषधाच्या दुकानात कामाला आहे. तो येऊन बोटं बघून गेला आणि बाहेरून फोन करून म्हणाला, "आक्का, थांबू नको, हलव त्याला." न्यायचं म्हटल्यावर काउंटरवर एक फॉर्म पुढं आला: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. मावसभावानं सांगितलं, सही कर, पण कारण तुझ्या हातानं लिही आणि वेळ टाक. मी लिहिलं, "रात्रीपासून असह्य वेदना, बोटे बधिर, हलत नाहीत, डॉक्टर रात्री आले नाहीत म्हणून नेत आहोत. दु. १२.२०." त्या ओळीवर पुढं बराच युक्तिवाद झाला. कुणावर अशी वेळ आली तर कोऱ्या फॉर्मवर नुसती सही करू नका. कारणाला जागा नसेल तर समासात लिहा, आणि फॉर्मचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

दुसऱ्या हॉस्पिटलात प्लास्टर आधी कापलं, बाकीचं नंतर विचारलं. डॉक्टरांनी बोटं हलक्या हातानं ताणून बघितली, हाताचा पुढचा भाग दाबून बघितला आणि लगेच ऑपरेशन थिएटर तयार करायला सांगितलं. त्यांनी तेव्हा घाईत सांगितलेलं मला नंतर नीट समजलं. हाताचे स्नायू एका न ताणणाऱ्या आवरणात असतात. आत सूज वाढली आणि बाहेरून घट्ट प्लास्टर असलं की दाब वाढतो, स्नायूंना रक्त पोचत नाही, आणि साधारण सहा तासांनंतर ते मरायला लागतात. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. दुखापतीच्या मानानं फारच जास्त वेदना आणि बोट सरळ करताना उठणारी कळ ही त्याची पहिली खूण. पहिला उपाय म्हणजे प्लास्टर आतल्या कापसासकट उभं फाडणं. तेवढ्यानं भागलं नाही तर आवरण कापून दाब मोकळा करायचा. भावाचं आवरण अडीच वाजता कापलं गेलं. आतले काही स्नायू काळपट पडले होते, चिमट्याला प्रतिसाद देत नव्हते. पुढे त्वचारोपण झालं, महिनोन् महिने फिजिओथेरपी झाली. हात राहिला, पण बोटं वाकडीच राहिली. पैंजणाची कडी आज त्याच्या चिमटीत धरता येत नाही.

घरात रागाचा वणवा होता. कुणी म्हणे पोलीस केस करा, कुणी म्हणे हॉस्पिटलसमोर जाऊन बसू. मला तेव्हा एकच कळत होतं की रात्री काय घडलं हे सांगणारी आम्ही दोघी बायका आहोत आणि आमचा शब्द एका बाजूला पडणार. म्हणून डिसेंबरात पहिलं काम केलं ते कागद मागण्याचं.

पहिल्या हॉस्पिटलनं दिलेली डिस्चार्जची चिठ्ठी एका पानाची होती. पण दाखल रुग्णाच्या फाईलमध्ये केस पेपर, नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता, संमतीपत्र, एक्स-रे असं बरंच असतं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहिता विनियमांत स्पष्ट आहे की रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे, आणि दाखल रुग्णांची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं जपायची. हे मला आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या वकील मुलीनं सांगितलं. भावाच्या डाव्या हाताचा अंगठा लावून अर्ज केला, त्यात या नियमाचा उल्लेख केला, आमच्या प्रतीवर पोच घेतली आणि तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह पुन्हा पाठवला. "डॉक्टर आल्यावर बघू," "रेकॉर्डवाला रजेवर आहे," असं ऐकून घेतलं, पण परत परत गेलो. अखेर झेरॉक्स मिळाल्या. प्रत्येक पानावर हॉस्पिटलचा शिक्का आणि तारीख मागून घ्या. आम्ही ते मागितलं, कारण त्या वकील मुलीनं तसं बजावलं होतं. त्या शिक्क्याचा उपयोग किती होणार होता हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं.

झेरॉक्स मिळाल्या त्या रात्री मी दिवा लावून ते कागद वाचले. नर्सिंग नोट्समध्ये आमची रात्र होती. २२.४०, रुग्णाला तीव्र वेदना, इंजेक्शन दिले. १.१५, वेदना कायम, बोटांना सूज, इंजेक्शन दिले. ४.००, रुग्ण रडत आहे, निवासी डॉक्टरांना फोनवर कळवले. त्यानंतर थेट सकाळचा राउंड. जी सिस्टर आम्हाला "दुखणारच की" म्हणत होती, तिनंच प्रत्येक वेळ प्रामाणिकपणे लिहून ठेवली होती. मला तिच्याबद्दल तेव्हा राग नव्हता, आजही नाही. चाळीस-पन्नास रुग्णांच्या मजल्यावर रात्री एकटी असलेली ती मुलगी फोन करण्यापलीकडे काय करणार होती?

मार्च २०२२ मध्ये आम्ही कोल्हापुरातल्याच एका वकील मॅडमना भेटलो. त्यांनी पहिल्या बैठकीत आमचा राग बाजूला ठेवायला लावला. "ताई, उपचार करूनही वाईट झालं म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं कायदा मानत नाही. साधारण कौशल्याचा, सावध डॉक्टर त्या जागी जे करील ते यांनी केलं का, एवढंच बघतात." मग त्यांनी रस्ते सांगितले.

पोलिसांचा रस्ता. सर्वोच्च न्यायालयानं जेकब मॅथ्यू प्रकरणात ५ ऑगस्ट २००५ ला सांगितलंय की डॉक्टरवर फौजदारी कारवाईला निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो, आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र डॉक्टरचं, शक्यतो सरकारी सेवेतल्या, मत घ्यावं. त्यातून भरपाई मिळत नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा रस्ता. ती समज देऊ शकते, नोंदणी काही काळ निलंबित करू शकते, पण पैसे देववू शकत नाही. आणि ग्राहक आयोग. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. जिथं सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात अशा दवाखान्याविरुद्ध मात्र ग्राहक आयोगात जाता येत नाही, दिवाणी कोर्ट गाठावं लागतं. हा फरक फोनवर विचारणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नसतो.

भावानं ठरवलं. म्हणाला, "मला कुणाला आत घालायचं नाही. माझा हात गेलाय त्याचं बोला." आम्ही ग्राहक आयोगाचाच रस्ता धरला.

मुदत दोन वर्षांची असते, घटनेपासून. ती संपायच्या तोंडावर येणाऱ्यांना वकील मॅडम फार कळवळून सांगायच्या की उशीर माफ करून घेता येतो, पण त्याची कारणं पटवण्यातच निम्मी ताकद जाते. आमच्याकडं वेळ होता, आणि त्यांनी तो एका कामासाठी वापरला: तज्ज्ञ शोधणं.

सगळ्यात कठीण टप्पा हाच. तज्ज्ञाचं मत प्रत्येक तक्रारीला लागतंच असं नाही, व्ही. किशन राव प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तसं म्हटलंय. पोटात कापड राहिलं, उजव्याऐवजी डाव्या पायाचं ऑपरेशन झालं, तिथं वेगळं काय सांगायचं? पण आमच्यासारख्या प्रकरणात डॉक्टरनंच डॉक्टरचं काम तपासावं लागतं. कोल्हापुरातले हाडांचे डॉक्टर एकमेकांना ओळखतात, एकाच संघटनेत असतात, एकमेकांकडे रुग्ण पाठवतात. कुणी वाईट बोललं नाही. चहा दिला, कागद बघितले, मान हलवली आणि "लेखी नको," म्हणाले. ज्यांनी भावाचा हात वाचवला त्या डॉक्टरांनीही शपथपत्र द्यायला नकार दिला. मी त्यांच्यासमोर रडले. ते म्हणाले, "मी जे बघितलं ते सगळं माझ्या नोट्समध्ये वेळेसकट लिहिलंय. ते कोर्टात माझ्यापेक्षा जास्त बोलेल." ते खरं निघालं, पण त्या दिवशी घरी येताना रंकाळ्याजवळ रिक्षा थांबवून मी बराच वेळ बसून राहिले होते.

शेवटी दुसऱ्या जिल्ह्यातले, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेले अस्थिरोगाचे एक प्राध्यापक तयार झाले. फी २५,००० रुपये. त्यांनी अट घातली की काय लिहायचं ते तुम्ही सांगायचं नाही. त्यांनी आमचे दोन आरोप सरळ खोडले. हाड नीट बसवलं नाही, हा आरोप चुकीचा. एक्स-रेत ते ठीक बसलेलं आहे. लगेच ऑपरेशन करायला हवं होतं, हाही चुकीचा. एक-दोन दिवस थांबणं मान्य पद्धतीत बसतं. आणि मग लिहिलं: ताज्या दुखापतीत, सूज वाढणार हे माहीत असताना गोल बंद प्लास्टर घातलं तर हातावर तासातासानं लक्ष ठेवणं भाग आहे. २२.४० पासून १०.३० पर्यंत कुणाही डॉक्टरनं बोटं तपासल्याची नोंद नाही. वाढत्या वेदनेला इंजेक्शनानं झाकत राहणं हा दोष. माझ्या मते आमची केस त्या दिवशी उभी राहिली, कारण ती आकसून एका गोष्टीवर आली: रात्री कुणी बघितलं नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये नोटीस गेली. नोटीस सक्तीची नसते, पण सामनेवाल्यांची बाजू आधी कळते. उत्तर आलं की उपचार योग्य होते, ही ज्ञात गुंतागुंत आहे, रुग्णानं हात उंच ठेवला नाही आणि सल्ल्याविरुद्ध निघून गेला.

जानेवारी २०२३ मध्ये तक्रार ई-दाखिल पोर्टलवर भरली. (आता ते काम ई-जागृती पोर्टलवर चालतं.) इथं एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. कुठल्या आयोगात जायचं आणि फी किती, हे तुम्ही मागत असलेल्या भरपाईवर ठरत नाही, तुम्ही सेवेसाठी मोजलेल्या पैशांवर ठरतं. पन्नास लाखांपर्यंत मोजले असतील तर जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंत मोजले असतील तर फी शून्य. आम्ही पहिल्या हॉस्पिटलला ३१,५०० भरले होते, मागत होतो वीस लाख, आणि फी काहीच लागली नाही. म्हणून पावत्या जपा. काउंटरवर "पावती नको असेल तर कमी करतो," असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. पुण्या-मुंबईत उपचार घेतलेल्या कोल्हापूरच्या माणसाला हे मोठं बळ आहे. वकील लावायलाच हवा असंही नाही, पण वैद्यकीय प्रकरणात मी तरी एकटीनं गेले नसते.

तक्रारीत डॉक्टर, हॉस्पिटल आणि डॉक्टरांच्या व्यावसायिक जबाबदारीच्या विम्याची कंपनी असे तीन विरुद्ध पक्ष केले. प्रत्येकासाठी कागदांचा एकेक संच, आयोगाचा वेगळा, आमचा वेगळा. पानांना क्रमांक, अनुक्रमणिका, तारीखवार घटनाक्रम. हा घटनाक्रम मी स्वतः लिहिला, दोन पानांत, तासातासाचा, आणि प्रत्येक ओळीसमोर तो कुठल्या पानावर सिद्ध होतो तो क्रमांक. पुढे युक्तिवादात वकील मॅडम बहुतेक तेवढाच कागद हातात धरून उभ्या होत्या.

तक्रार दाखल करून घेतली गेली, नोटिसा निघाल्या. लेखी कैफियत, म्हणजे तक्रारीला लेखी उत्तर, द्यायला विरुद्ध पक्षाला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं या ४५ दिवसांपुढं एक दिवसही नाही असं ठरवून टाकलंय, त्यामुळं कैफियत वेळेत आली. मग मध्यस्थीचा विषय निघाला; कायद्यात तशी सोय आहे, दोघांची तयारी असेल तर. आम्ही गेलो. दीड लाखाचा देकार आला. त्यासोबत कुठंही काही बोलायचं नाही अशी अट. भावानं वाकड्या बोटांचा हात टेबलावर ठेवला आणि तो काही बोलला नाही. आम्ही उठलो.

पैसे किती मागायचे याचं उत्तर भावनेत नसतं, कागदात असतं. भावाकडं पगारपत्रक नाही. हुपरीत मजुरी वजनावर मिळते आणि शेठच्या वहीत लिहिली जाते. त्या वहीची पानं, शेठचं शपथपत्र, बँकेचं पासबुक एवढाच आधार होता. अपंगत्वासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात तपासणी झाली आणि ४२ टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालं. उजव्या हाताचे टक्के आणि कारागिराच्या कमाईचे टक्के एक नसतात, हे वकिलांनी वेगळं मांडलं: बँकेतल्या माणसाची बोटं वाकडी झाली तर तो नोकरी करू शकतो, पैंजण जोडणाऱ्याचं पूर्ण काम जातं.

आता ती गोष्ट, ज्यासाठी मी शिक्क्याबद्दल एवढं लिहिलं. हॉस्पिटलनं आयोगात नर्सिंग नोट्सची जी प्रत लावली, तीत १.१५ आणि ४.०० च्या मध्ये एक जास्तीची ओळ होती. आमच्या डिसेंबर २०२१ च्या शिक्क्याच्या प्रतीत तिथं कोरी जागा होती. ओळ अशी होती: मनगटावरची नाडी लागते, रक्तपुरवठा ठीक. भावजयीनं दोन्ही पानं शेजारी ठेवून दाखवली तेव्हा मला दरदरून घाम आला.

ग्राहक आयोगात साक्षी बहुतेक शपथपत्रावर चालतात. समोरासमोर उलटतपासणीऐवजी लेखी प्रश्नावली देतात आणि उत्तरं शपथेवर येतात. आमच्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता: प्लास्टर दंडापासून तळव्यापर्यंत गोल बंद असताना मनगटावरची नाडी कुठे व कशी तपासली? उत्तर आलं की बोटांच्या नखांचा रंग बघितला, त्याला उद्देशून ते लिहिलं आहे. ही नोंद कधी केली, या प्रश्नाला उत्तर होतं, "नंतर पूर्ण केली." आमच्या प्राध्यापकांनी पुरवणी मतात हेही लिहिलं की या आजारात नाडी शेवटपर्यंत लागू शकते, ती लागते म्हणून धोका नाही असं म्हणता येत नाही.

विरुद्ध पक्षानं आमचा तज्ज्ञ पैसे घेऊन आलेला आहे असा आक्षेप घेतला. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोगानं कागद दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंडळाकडं मतासाठी पाठवले. तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत, असेल तर पाच महिन्यांत तक्रार निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. मुदतवाढीचे अर्ज, प्रश्नावल्या, तज्ज्ञांचं मत यांत वेळ जातोच; मनाची तयारी दोन-तीन वर्षांची ठेवा. तारखांना शक्यतो भावजय जायची, मी किरकोळ रजा साठवून महत्त्वाच्या तारखांना. भाऊ सुरुवातीला यायचा, नंतर नको म्हणाला. सामनेवाले डॉक्टर एकदा जिन्यात समोर आले. त्यांनी भावाच्या हाताकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्या क्षणी मला ते म्हातारे वाटले. मी घरी कुणाला सांगितलं नाही.

मंडळाचं मत ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं. ते वाचून आधी पोटात गोळा आला. पहिल्या परिच्छेदात होतं की ही ज्ञात गुंतागुंत आहे, काळजी घेऊनही होऊ शकते, प्लास्टरची निवड ही डॉक्टरांच्या निर्णयाची बाब आहे. शेवटच्या परिच्छेदात होतं की तीव्र वेदना आणि सुजेच्या नोंदी असूनही सुमारे बारा तास वैद्यकीय अधिकाऱ्यानं तपासल्याचं कागदावर आढळत नाही, प्लास्टर मोकळं केल्याचं आढळत नाही. दोन्ही परिच्छेद खरे आहेत. आजार होणं त्यांच्या हातात नव्हतं; उठून येऊन प्लास्टर फाडणं होतं.

युक्तिवाद २०२५ च्या सुरुवातीला झाले, लेखी आणि तोंडी. विमा कंपनीचे वकील म्हणाले, रुग्ण स्वतःहून गेला. तेव्हा माझी ती १२.२० ची ओळ वाचून दाखवली गेली.

जुलैत तक्रार अंशतः मंजूर झाली. निकाल मी उभ्यानं वाचला. जास्तीच्या ओळीला आयोगानं बनावट म्हटलं नाही. ती नंतरची असल्यानं तिच्यावर विसंबता येत नाही, एवढंच लिहिलं. सेवेतील त्रुटी मान्य केली. निवासी डॉक्टर आणि नर्स यांच्या कामाला हॉस्पिटल जबाबदार, म्हणून डॉक्टर आणि हॉस्पिटल दोघांवर संयुक्त जबाबदारी, विम्याच्या मर्यादेत कंपनीवर. रक्कम ८ लाख ५० हजार, तक्रार दाखल तारखेपासून ८ टक्के व्याज, खर्चाचे २५ हजार. आम्ही मागितलेल्याच्या निम्म्याहून कमी. घरात काहींना ते लागलं. भाऊ मात्र एका वाक्यावर बोट ठेवून बसला होता, रात्री त्याच्याकडं लक्ष दिलं गेलं नाही असं जिथं लिहिलं होतं तिथं. "हे लिहिलंय नव्हं," एवढंच म्हणाला.

अपीलाची मुदत ४५ दिवस. ऑगस्टमध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हा गावातले म्हणायला लागले, आता ते इथंच हायकोर्टात जाणार. तसं नसतं, जिल्हा आयोगाच्या निकालावर अपील राज्य ग्राहक आयोगाकडं जातं, आणि भरपाई द्यायची आहे त्याला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. मुदत संपली, अपील आलं नाही. वकिलांनी पैसे मागणारं पत्र दिलं. न दिल्यास वसुलीचा अर्ज करता येतो आणि आदेश न पाळणाऱ्याला तुरुंगवासाचीही तरतूद आहे, पण तिथवर जावं लागलं नाही.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगते. वकिलांची फी टप्प्याटप्प्यानं ७०,०००, प्राध्यापकांचे २५,००० आणि पुरवणी मताचे ५,०००, झेरॉक्स, नोटरी, टपाल मिळून सात-आठ हजार. शिवाय भावजयीच्या बुडालेल्या रोजाचा हिशोब कुणी ठेवला नाही. दुसऱ्या हॉस्पिटलचं २ लाख ४० हजारांचं बिल भागवायला तिचे दागिने गहाण होते. पैसे आल्यावर पहिल्या आठवड्यात ते सोडवले.

उरलेल्यातून भावाच्या बोटांचं पुढचं ऑपरेशन ठरलंय: चांगल्या स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) वळवून बोटांना जोडायचा, म्हणजे निदान पकड सुधारेल. ज्यांनी त्याचा हात वाचवला तेच डॉक्टर करणार आहेत. तारीख दिवाळीनंतरची आहे. तोवर रोज सकाळ-संध्याकाळ बोटं ताणायचे व्यायाम चालू आहेत, आणि शेठनं त्याला वजनकाट्यावर माल मोजून घ्यायचं काम दिलंय.